ग्रीवा कशेरुक व कवटीचा सांधा

ग्रीवा कशेरुक म्हणजे पृष्ठवंशी प्राण्यांच्या मानेतील मणके. यांपैकी पहिला मणका कवटीच्या मागील बाजूस जोडलेला असतो व या जोडास कवटी-कशेरुक सांधा असे म्हणतात. डोके वर-खाली करणे, बाजूस वळविणे व कलते करणे या तिन्ही हालचाली या सांध्यावर आणि त्यामागील एक-दोन मणक्यांवर मुख्यतः अवलंबून असतात. त्याच ठिकाणी मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू कवटीबाहेर पडून पाठीच्या कण्यात शिरतो. म्हणजे ज्या जागी हाडांची हालचाल सर्वाधिक व्हावयास हवी, त्याच जागी शरीरातील सर्वांत नाजूक दोरी सांभाळावयाची असते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ निरनिराळ्या प्राणिवर्गांनी निरनिराळ्या रीतीने घातला आहे.

शालेय व महाविद्यालयीन पुस्तकांत या विषयाचे सार बहुधा एका तक्त्यात दिलेले असते: उभयचरांत पश्चकपाल अस्थिकंद दोन, सरीसृपांत एक, पक्ष्यांत एक, सस्तन प्राण्यांत दोन. हा तक्ता चुकीचा नाही. परंतु तो पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची अशी समजूत सहज होते की, बेडकाचे दोन कंद आणि माणसाचे दोन कंद ही एकच गोष्ट आहे. ती समजूत खरी नाही. त्याची कारणे पुढे यथास्थळी दिली आहेत.

संज्ञा

मणका हा शब्द मण्यावरून आला असून पाठीचा कणा म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांची माळ ही कल्पना त्यात आहे. शास्त्रीय लेखनात मणक्यास कशेरुक म्हणतात. मानेतील पहिल्या कशेरुकास शिरोधर (ॲटलास) आणि दुसऱ्यास अक्ष (ॲक्सिस) अशी नावे आहेत. ॲटलास हा ग्रीक पुराणकथांतील आकाशाचा भार वाहणारा पुरुष. मणका डोक्याचा भार वाहतो म्हणून त्यास हे नाव मिळाले. ‘शिरोधर’ या संस्कृत नावातही तोच अर्थ आहे. दुसऱ्या मणक्याभोवती पहिला मणका डोक्यासह फिरतो, म्हणून तो अक्ष, म्हणजे गाडीच्या चाकाचा आस.

कवटीच्या मागील बाजूस मेरुरज्जूसाठी मोठे भोक असते, ते महारंध्र. त्याच्या खालच्या कडेस किंवा दोन्ही बाजूंस गुळगुळीत, कूर्चेने मढविलेला उंचवटा असतो. तो पश्चकपाल अस्थिकंद होय. या लेखात त्यास थोडक्यात ‘कंद’ म्हटले आहे.

कोणता मणका मानेचा व कोणता धडाचा हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. सस्तन प्राण्यांत मानेच्या मणक्यांना सुट्या बरगड्या नसतात, त्यामुळे सीमा स्पष्ट दिसते. मगर, घोरपड अशा प्राण्यांत मानेच्या मणक्यांनाही बरगड्या असतात. तेथे जी बरगडी सर्वप्रथम उरोस्थीपर्यंत पोहोचते, तिच्या पुढील सर्व मणके मानेचे, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. सापाला उरोस्थी नाही, तेव्हा ही व्याख्याही तेथे थांबते.

मासे व मानेची सुरुवात

माशाला मान नसते. बहुतेक अस्थिमत्स्यांत खांद्याची हाडे, म्हणजे अंसमेखला, कवटीच्या मागील भागाला हाडांनीच जोडलेली असतात आणि कल्ल्यांवरील झाकणही तेथेच असते. डोके वळवावयाचे तर सगळे शरीरच वळवावे लागते. पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्यास त्याची विशेष अडचण होत नाही.

जमिनीवर येऊ घातलेल्या प्राण्यांत प्रथम हा जोड सुटला. कॅनडाच्या उत्तर टोकाजवळील एल्झमीर बेटावर सापडलेल्या व २००६ साली वर्णिलेल्या टिक्टालिक या सुमारे ३७ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीच्या माशात अंसमेखला कवटीपासून मोकळी झालेली आहे व कल्ल्यांच्या झाकणाची हाडे नाहीशी झालेली आहेत. त्याला पर असले तरी मान आहे. पाय पूर्ण होण्याच्या आधी मान झाली, ही या जीवाश्माने दिलेली महत्त्वाची माहिती आहे.

उभयचर

बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या आजच्या उभयचरांत मानेचा मणका एकच असतो. त्यास शिरोधर म्हणतात खरे, परंतु त्याच्यामागे अक्ष नाही. त्याच्या पुढील बाजूस दोन खोलगट भाग असून त्यांत कवटीचे दोन कंद बसतात. या रचनेने डोके वर-खाली हलते. बाजूस फारसे वळत नाही. बेडूक माशी पकडताना मान वळवीत नाही, तो सगळ्या अंगाने वळून बसतो व मग जीभ बाहेर टाकतो, हे पावसाळ्यात अंगणात बसून कोणालाही पाहता येते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे. सर्वांत जुन्या चतुष्पाद प्राण्यांत दोन कंद नव्हते. त्यांच्या कवटीच्या मागे एकच खळगा होता आणि पृष्ठरज्जू त्यात शिरत असे. आजच्या उभयचरांतील दोन कंद ही मूळची, जुनी स्थिती नसून त्या शाखेत नंतर झालेला बदल आहे.

सरीसृप

खऱ्या अर्थाने मान सरीसृपांच्या पूर्वजांत आली. पहिले दोन मणके एकमेकांपासून व बाकीच्या मणक्यांपासून वेगळे होऊन शिरोधर-अक्ष ही जोडी तयार झाली. असे का घडले याचे एक पटणारे कारण श्वसनात सापडते. बेडूक घसा खालीवर करून हवा फुप्फुसांत ढकलतो; त्यामुळे त्याचे डोके रुंद आणि मान आखूड असणे सोयीचे ठरते. बरगड्यांच्या हालचालीने श्वास घेणाऱ्या प्राण्यांत घसा या कामातून मोकळा झाला व मान लांबण्यास वाव मिळाला, असे मानले जाते.

सरीसृपांचा कंद एकच व महारंध्राच्या खाली असतो. तो एक दिसत असला तरी मुळात तीन हाडांचा असतो: मध्ये अधःपश्चकपाल व दोन्ही बाजूंस बहिःपश्चकपाल. कासवाच्या कवटीत हे तीन भाग तिळ्या पाकळ्यांसारखे वेगळे ओळखता येतात. मगरीच्या कंदाचा जवळजवळ सगळा भाग मधल्या हाडाचाच असतो. बाजूच्या दोन हाडांचा वाटा वाढला आणि मधल्याचा घटला तर एका कंदाचे दोन कंद होतात. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत नेमके तेच झाले. ही गोष्ट समजली की वर सांगितलेल्या तक्त्यातील अर्धे गूढ उकलते.

शिरोधराची घडणही अशीच तुकड्यांची असते. इतर मणक्यांना मध्यभागी कशेरुककाय नावाचा भरीव ठोकळा व त्यावर मेरुरज्जूस झाकणारी कमान असते. शिरोधराची कमान दोन सुट्या अर्धांची असते, खाली अंतराकाय नावाचा चंद्रकोरीसारखा तुकडा असतो, आणि त्याचा स्वतःचा कशेरुककाय मात्र त्याच्याकडे राहतच नाही. तो मागच्या अक्षाला जाऊन मिळतो व पुढे आलेल्या दातासारखा दिसतो. यास दंताभ प्रवर्ध म्हणतात. पहिल्या मणक्याने आपले शरीर दुसऱ्याला देऊन टाकले आणि स्वतः केवळ कडे होऊन राहिला, असे याचे वर्णन करता येईल. हे कडे त्या दाताभोवती फिरते. कंद हा एखाद्या गोळीसारखा शिरोधराच्या खळग्यात बसलेला असल्याने डोक्याला वर, खाली व बाजूस अशा सर्व दिशांनी थोडी थोडी हालचाल तेथेच मिळते.

मगर व सुसर यांत मानेचे मणके सामान्यतः नऊ धरले जातात. शिरोधर व कवटी यांच्या मधल्या फटीवर छपरासारखा बसलेला आणखी एक लहान तुकडा मगरीत असतो. त्यास पूर्वशिरोधर म्हणतात. शिरोधराच्याही आधी असलेल्या एखाद्या मणक्याच्या कमानीचा तो अवशेष मानला जातो. न्यूझीलंडमधील तुआतारा (स्फेनोडॉन) या प्राण्यातही तो टिकून आहे. मगरीच्या मानेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे बरगड्या. शिरोधर व अक्ष यांच्या बरगड्या लांब व सरळ असतात. त्यामागील मणक्यांच्या आखूड, कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या असून एकीचे टोक दुसरीवर चढलेले असते. यामुळे मगरीला मान बाजूस फारशी वाकविता येत नाही. पकडलेल्या भक्ष्याचा लचका तोडण्यासाठी मगर सगळ्या शरीराने पाण्यात गरगर फिरते. मगर व सुसर यांचे दात चावून तुकडे करण्यास उपयोगी नाहीत. त्यामुळे हे काम अंगाच्या पिळानेच करावे लागते.

सरड्यांच्या वर्गात बहुतेकांना आठ मणके असतात. घोरपडीला नऊ असून तिची मान लांब व लवचीक असते. बिळात, कपारीत, पक्ष्यांच्या घरट्यात डोके घालणाऱ्या या प्राण्यास ती उपयोगी पडते. याउलट शॅमेलिऑनला बहुधा पाचच मणके असतात व त्याची मान जवळजवळ दिसत नाही. त्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे सर्व दिशांनी फिरतात, त्यामुळे पाहण्यासाठी डोके वळविण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. आजच्या बहुतेक सरड्यांत, सापांत व मगरींत प्रत्येक मणक्याची पुढील बाजू खोलगट व मागील बाजू फुगीर असते, त्यामुळे एकाची गोळी दुसऱ्याच्या वाटीत बसते. बहुतेक पालींत व तुआतारात मात्र मणके दोन्ही बाजूंनी खोलगट असतात.

कासवांची मान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आजच्या सर्व कासवांना मानेचे मणके आठच आहेत, मग मान आखूड असो की कवचाइतकी लांब असो. कवच हे बरगड्यांचेच बनलेले व कणा त्यास चिकटलेला, म्हणून धड अजिबात वाकत नाही. सगळा लवचीकपणा या आठ मणक्यांत एकवटलेला असतो. त्यांच्या सांध्यांचे पृष्ठभाग एकसारखे नसतात. एखादा मणका दोन्ही बाजूंनी फुगीर असतो, त्यामुळे तेथून मानेची घडी पडू शकते. मान आत घेण्याच्या रीतीवरून कासवांचे दोन मोठे गट पडतात. एका गटातील कासवे मान उभ्या पातळीत इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुमडून डोके सरळ आत ओढतात. भारतात आज आढळणारी सर्व कासवे याच गटातली आहेत. दुसऱ्या गटातील कासवे मान आडवी वळवून डोके कवचाच्या कडेखाली एका बाजूस लपवितात. ती आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर व ऑस्ट्रेलिया या भागांत आढळतात. मात्र पूर्वी ती येथेही होती: मुंबईत दख्खनच्या लाव्हा थरांमध्ये सापडणाऱ्या गाळाच्या थरांतून अशा आडमान्या कासवांचे जीवाश्म मिळाले असून त्यांपैकी एकाचे २००३ साली सँकुचेमिस असे नामकरण झाले.

सापांत मान कोठे संपते हे सांगणे अवघड आहे. पुढचे पाय नाहीत, अंसमेखला नाही, उरोस्थी नाही. मणके मात्र काहींत शंभर-दीडशे तर काहींत तीनशेच्या वर. शिरोधर व अक्ष ही जोडी सापातही आहे व या दोन मणक्यांना बरगड्या नसतात. तिसऱ्या मणक्यापासून बरगड्या सुरू होऊन थेट गुदद्वारापर्यंत जातात. म्हणून काही लेखक सापाला मानच नाही असे म्हणतात, तर काही जण हृदयापर्यंतच्या पुढच्या भागास मान म्हणतात. नागाचा फणा याच भागातील लांब बरगड्यांचा असतो. स्नायूंनी त्या पुढे व बाजूस उचलल्या की त्यांवरची सैल कातडी छत्रीसारखी ताणली जाते. फण्यात स्वतंत्र हाड नसते व तो हवा भरून फुगत नाही. त्याविषयी प्रचलित असलेल्या समजुतींमध्ये ही एक फार रुजलेली आहे.

नामशेष सरीसृप

लांब मानेचे प्रयोग सरीसृपांनी जितके केले तितके इतर कोणी केलेले नाहीत. मान दोन प्रकारे लांब होते: मणक्यांची संख्या वाढवून किंवा प्रत्येक मणका लांबवून. समुद्रात राहणाऱ्या प्लेसिओसॉर गटात पहिला मार्ग दिसतो. इलास्मोसॉरसला ७२ आणि त्याच गटातील अल्बर्टोनेक्टिसला ७६ ग्रीवा कशेरुक होते. दुसरा मार्ग टॅनिस्ट्रोफियस या ट्रायासिक काळातील प्राण्यात दिसतो. त्याची मान धडापेक्षा कितीतरी लांब, पण मणके फक्त १३. प्रत्येक मणका एखाद्या नळीसारखा ताणलेला व बरगड्या काड्यांसारख्या मानेला समांतर. अशा मानेचा धोकाही उघड आहे. टॅनिस्ट्रोफियसच्या दोन जीवाश्मांत मान मध्येच तुटलेली असून तुटलेल्या जागी दातांच्या खुणा आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. शिकारी प्राण्याने मानेवरच घाव घातला होता.

इलास्मोसॉरसशी जीवाश्मविज्ञानातील एक प्रसिद्ध चूक निगडित आहे. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये मिळालेल्या सांगाड्यावरून एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८६८ साली या प्राण्याचे वर्णन केले, पण त्यांच्या आराखड्यात डोके शेपटीच्या टोकाला बसविले होते. इतकी लांब मान असू शकेल हे त्यांना सुचले नाही; लांब ती शेपटी व आखूड ती मान असे त्यांनी गृहीत धरले. जोसेफ लायडी यांनी १८७० साली ही उलटापालट उघडकीस आणली. कोप यांनी छापलेल्या प्रती परत मिळविण्याचा प्रयत्न केला, पण सगळ्या प्रती हाती आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची अशी चूक सांगून हसण्याची पद्धत आहे. तथापि कवटी सुटी सापडली असता पुढचे टोक कोणते हे ओळखणे खरोखरच कठीण असते आणि शिरोधर-अक्ष जोडी हाच त्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो.

डायनोसॉरांतील सॉरोपॉड गटाने दोन्ही मार्ग एकत्र वापरले. चीनमधील मामेंचिसॉरसला १८-१९ मणके होते व तेही लांबट. मणके आतून पोकळ, हवेच्या कप्प्यांचे असल्यामुळे मानेचे वजन बेताचे राहिले. मात्र या गटातील सर्वांची मान सारखी नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लॅमेटा स्तरांत मिळालेल्या सांगाड्याचे वर्णन सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली केले. २००३ मध्ये त्यास इसिसॉरस असे नाव देण्यात आले. हे नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आहे. याचे ग्रीवा कशेरुक सॉरोपॉडांच्या मानाने आखूड आहेत. कवटी मात्र मिळालेली नाही, हे या गटाच्या बाबतीत नेहमीचेच: एवढ्या मोठ्या देहावर डोके लहान व हलके, सांधा नाजूक, त्यामुळे मृत्यूनंतर डोके लवकर गळून वेगळे होते.

पक्षी

पक्ष्यांचा कंद सरीसृपांप्रमाणे एकच, लहान व मण्यासारखा गोल असतो आणि शिरोधर अंगठीसारखा चिमुकला असतो. मानेच्या मणक्यांची संख्या मात्र पक्ष्यागणिक बदलते. ती साधारण १३ ते २५ असते. हंसांच्या काही जातींत ती सर्वांत जास्त आहे. मणक्यांचे सांधे खोगिरासारखे, एका दिशेने खोलगट व दुसऱ्या दिशेने फुगीर असल्यामुळे मान पिळ न पडता दोन्ही दिशांना वाकते. पंख उडण्यात गुंतल्यामुळे चोच व मान यांनाच हाताचे काम करावे लागते, ही गोष्ट या लवचीकपणामागे आहे.

घुबडाला मानेचे १४ मणके असून ते डोके एका बाजूस सुमारे २७० अंशांपर्यंत वळविते. अशा वळणाने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पिळवटून बंद व्हायला हव्यात. तसे होत नाही, कारण मणक्यांतील ज्या भोकांतून या वाहिन्या जातात ती भोके वाहिनीच्या जाडीच्या सुमारे दहा पट रुंद असतात व वाहिनीला आत हलण्यास जागा राहते.

सस्तन प्राणी

जिराफाला, उंदराला, वटवाघळाला आणि माणसाला मानेचे मणके सारखेच, म्हणजे सात असतात. जिराफाची मान प्रत्येक मणका लांबल्यामुळे लांब झाली आहे. शिवाय त्याचा पहिला छातीचा मणकाही मानेच्या मणक्यासारखा हलतो. राइट व्हेलसारख्या देवमाशांत सातही मणके एकमेकांना चिकटून एक जाड ठोकळा झालेला असतो, पण मोजले तर सातच. या नियमाला दोनच ठळक अपवाद आहेत. समुद्रगाय (मॅनेटी) हिला सहा मणके, आणि दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ प्राण्यांत दोन बोटांच्या प्रकारात पाच ते सात व तीन बोटांच्या प्रकारात आठ ते दहा.

सरीसृपांत व पक्ष्यांत एवढी मोकळीक असताना सस्तन प्राणी सातावर का अडले, याचा उलगडा भ्रूणविकासात शोधला जातो. शरीराचा कोणता भाग मान व कोणता छाती हे हॉक्स जनुके ठरवितात. मानेच्या व छातीच्या सीमेवर यांपैकी काही जनुकांच्या कार्याची हद्द असते. पक्ष्यात ही हद्द अधिक मागे सरकते, तर अजगराच्या भ्रूणात ही जनुके फार पुढपर्यंत कार्य करतात. सस्तन प्राण्यांत याच जनुकांचा संबंध इतर अवयवांच्या वाढीशीही घट्ट जुळलेला आहे. फ्रिट्सन गालिस यांनी १९९९ साली असे मांडले की, मणक्यांची संख्या बदलू पाहणाऱ्या उत्परिवर्तनांबरोबर गंभीर दोष येतात व ती पिढ्यांतून गाळली जातात. माणसात सातव्या मणक्याला बरगडी येण्याचे प्रमाण जिवंत व्यक्तींत फार कमी, पण मृत जन्मलेल्या अर्भकांत बरेच अधिक आढळते, हा त्यासाठी दिला जाणारा पुरावा आहे.

एक कंद की दोन कंद

सस्तन प्राण्यांचे पूर्वज सरीसृपांसारखेच एककंदी होते. डायमेट्रोडॉनसारख्या सुरुवातीच्या सिनॅप्सिड प्राण्यांत एकच कंद आढळतो. पुढे सायनोडॉंट गटापर्यंत येता येता मधला भाग मागे हटला, बाजूचे दोन भाग वाढले व दोन कंद स्पष्ट झाले. याच गटात पूर्वशिरोधर तुकडाही होता. आजच्या सस्तन प्राण्यांत तो स्वतंत्र उरलेला नाही. जीवाश्मांची ही मालिका माहीत नव्हती तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, दोन कंदांच्या साम्यावरून सस्तन प्राणी सरीसृपांऐवजी थेट उभयचरांपासून आले असावेत असे मत मांडले जात असे. वर उल्लेखिलेला तक्ता नुसता पाठ केला तर आजचा विद्यार्थीही त्याच निष्कर्षाला येईल.

दोन कंदांचा लाभ यांत्रिक आहे. एकच कंद महारंध्राच्या खाली असल्यामुळे डोके खाली वाकले की वरून जाणारा मेरुरज्जू ताणला जातो. कंद मोठा केला तर हा ताण आणखी वाढतो. कंद दोन होऊन महारंध्राच्या दोन्ही बाजूंस आले की डोके दाराच्या बिजागरीसारखे त्या आडव्या रेषेभोवती हलते आणि मेरुरज्जू त्या रेषेच्या जवळच राहतो. त्यामुळे मान डोलविण्याची हालचाल मोठी व सुरक्षित होते. मोबदल्यात या सांध्यावर बाजूस वळणे जवळजवळ बंद होते. ते काम मागील सांध्यावर, म्हणजे शिरोधर व अक्ष यांच्यामध्ये, सोपविले जाते. म्हणून सस्तन प्राण्यांत दंताभ प्रवर्ध अक्षाशी पूर्णपणे एकजीव होऊन खुंटीसारखा भक्कम झाला. माणसाने ‘होय’ म्हणून मान हलविली की पहिला सांधा काम करतो आणि ‘नाही’ म्हणून हलविली की दुसरा. बेडकाला मात्र दोन कंद असूनही ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण त्याच्यापाशी अक्ष नाही.

मानवी सांधा व त्याचे विकार

माणसात मान बाजूस वळविण्याच्या एकूण हालचालीपैकी सुमारे अर्धी हालचाल एकट्या शिरोधर-अक्ष सांध्यावर होते. खुंटीला जागच्या जागी धरून ठेवणारा आडवा बंध तिच्यामागून जातो आणि त्याच्याही मागे मेरुरज्जू असतो. शिरोधराच्या कड्यातील जागेचा ढोबळपणे एक तृतीयांश भाग खुंटीने, एक तृतीयांश मेरुरज्जूने व्यापलेला असून उरलेला तिसरा भाग मोकळा असतो. हीच मोकळी जागा माणसाला किरकोळ धक्क्यांतून वाचविते. आडवा बंध तुटला किंवा सैल झाला, किंवा खुंटी मुळाशी मोडली, तर कडे पुढे सरकून मेरुरज्जू दाबला जातो. या पातळीवर श्वसनाचे स्नायू चालविणाऱ्या तंत्रिकांचेही नियंत्रण तुटत असल्याने इजा प्राणघातक ठरू शकते. अपघातात किंवा उथळ पाण्यात सूर मारून डोके आपटलेल्या व्यक्तीस घाईने उचलून बसवू नये, डोके व मान एका रेषेत स्थिर धरून मगच हलवावे, या प्रथमोपचाराच्या नियमामागे ही रचना आहे.

उंचावरून डोक्यावर आघात झाल्यास शिरोधराचे कडे अनेक ठिकाणी फुटते. यास जेफरसन अस्थिभंग म्हणतात. अक्षाची कमान दोन्ही बाजूंनी तुटणे हा वेगळा प्रकार असून त्याचे इंग्रजी नाव फाशी देणाऱ्या जल्लादावरून पडले आहे. संधिवाताभ संधिशोथात आडवा बंध झिजतो, आणि डाउन लक्षणसमूह असलेल्या काही मुलांत तो जन्मतःच सैल असतो. अशा मुलांना डोक्यावर भार येणारे व्यायाम किंवा खेळ शिकविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे म्हणूनच आवश्यक असते. हातापायांत अशक्तपणा, चालीत बदल किंवा मान तिरकी राहणे ही धोक्याची लक्षणे समजावीत. काही व्यक्तींत शिरोधर कवटीला जन्मतः चिकटलेला असतो किंवा खुंटीचे टोक महारंध्रातून वर सरकलेले असते. लक्षणे कधी कधी तरुणपणी किंवा त्यानंतर प्रकट होतात.

हा सांधा स्थिर करण्यासाठी पूर्वी मणक्यांभोवती तारा गुंडाळून वर हाडाचा तुकडा बसवीत असत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद अतुल गोयल व त्यांचे सहकारी लाहेरी यांनी १९९४ साली शिरोधर व अक्ष यांच्या बाजूच्या भरीव भागांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जर्मनीतील युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी सळई व फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून तिच्यात बदल केला. आज ही शस्त्रक्रिया दोघांच्या नावाने गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. तिने सांधा पक्का होतो, पण त्याबरोबर मान वळविण्याची जवळजवळ अर्धी हालचाल रुग्णाला कायमची गमवावी लागते.